लू बाईंचं नाक

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव नू. गावात सगळे तिला लू म्हणतात. आमच्या गावच्या जिभेला न आणि ल एकच. हनोईला आम्ही हलोई म्हणतो आणि शहरातले हसतात. मी जन्मभर भट्टीवर विटा पाडल्या. माझं काही अडलं नाही. ती पहिलीला वाचायला शिकवते. तिचं अडतं.

तिने एक युक्ती बसवली. नाक चिमटीत धरून शब्द म्हणायचा. ल सुटतो, न अडकतो. मग तसं मातीचं अक्षर उचलून पाटीवर ठेवायचं. अक्षरं मुलंच वळतात, माती माझी. ती खडा न ठेवता तुडवावी लागते, नाहीतर अक्षर वाळताना तडकतं. गुडघे गेलेत, तरी तुडवतो.

यंदा मुख्याध्यापक तिला म्हणाले, "शहरातून पाहणी आहे. तुमचीच जीभ घसरली तर पहिलीचा वर्ग हातून जाईल. मग बसा ग्रंथालयात पुस्तकांची धूळ झटकत."

रोज संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर घोकायची. नोन, म्हणजे डोक्यावरची पानांची टोपी. तोंडून निघायचं लोन.

"पुन्हा," मी म्हणायचो.

"दादा, आधी तू माझं नाव नीट घे."

"लू."

"गप्प बैस. माती तुडव."

पाहणीच्या दिवशी मी मातीचं घमेलं ठेवून वर्गाच्या दारातच थांबलो. पाहुणे मागच्या बाकावर होते. नूने टोपी उंच धरली. "मुलांनो, ही लोन."

तिचं तिलाच कळलं. टोपीचा हात खाली आला.

पुढच्या बाकावरची दाओ उभी राहिली. "बाई, नाक धरा बरं!"

मुलं फिदीफिदी हसली. नूने नाक धरलं. "लोन."

"सुटलं की! अडकायला हवं होतं." पोरीने मातीचा न आणून बाईंच्या हातावर ठेवला.

नूने तो मुठीत धरला आणि सावकाश म्हणाली, "नोन."

मागच्या बाकावरची पाहुणी बाई मुख्याध्यापकांना म्हणाली, "यांची जीभ कच्ची आहे, पण पोरांचे कान पक्के झालेत. वर्ग काढू नका."

संध्याकाळी नू आली. ओट्याच्या भिंतीला टेकून बसली. नाक अजून लाल होतं.

"राहिला वर्ग," ती म्हणाली. डोक्यावर आणखी एक खेप चढवल्यावर भट्टीवरच्या बाया बोलायच्या, तशी.

"मग तोंड का उतरलंय?"

"ही पोरं दुसरीत जातील. नवी येतील, ती लू बाई, लू बाई करतच येतील. पुन्हा नाकापासून सुरुवात." तिने डोळे मिटले. "माती भिजत घाल, दादा."

"उद्या घालतो," म्हणालो, आणि माती भिजवायला उठलो.