काकूंची झडती कोणी घेत नाही

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही मला नीट कळत नाही.

चाळिशी उलटल्यावर मी कॉलेजात गेले. बदलापूरला शिरगावात राहायचं, कॉलेज उल्हासनगरला. ऑफिसात बढतीसाठी पदवी हवी होती. वर्गातली पोरं माझ्या निम्म्या वयाची, मला काकू म्हणायची. कॉपीचं त्यांना विशेष काही वाटायचं नाही. ‘लोड नका घेऊ काकू, सगळेच करतात,’ असं शेजारच्या बाकावरची प्रणाली म्हणायची. आणि मी? डबा खाता खाता तिला प्रवचन द्यायचे. आमच्या वेळी कॉपी म्हणजे चोरी, वगैरे वगैरे. आवडायचं मला ते, खोटं कशाला बोलू!

शेवटच्या वर्षी अर्थशास्त्र काही केल्या डोक्यात शिरेना. नापास झाले तर ऑफिसात काय तोंड दाखवू? — शेवटी उल्हासनगर कॅम्पातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथे उत्तरं अगदी बारीक करून बोटभर कागदावर छापून देतात. ‘बेटे के लिए?’ दुकानदाराने विचारलं. मी हो म्हटलं. स्वतःच्या पोराला त्यात ओढलं.

पेपरच्या दिवशी दारातच पोरांचे खिसे, कंपास तपासत होते. मला मात्र ‘जा ताई’ म्हणून सोडलं. आत प्रणालीने मला दोन्ही रिकामे तळवे दाखवले. ‘काकू, आज कायच नाय आणलं. तुमचं ऐकलं. अभ्यास केलाय.’ मला बरं वाटलं. ओढणीत चिठ्ठी असताना — खरंच बरं वाटलं.

अर्ध्या पेपरात भरारी पथक आलं. मी घाबरून चिठ्ठी खाली टाकली आणि पायाने सरकवली. ती प्रणालीच्या बाकाखाली जातेय, हे मला दिसत नव्हतं का?

दिसत होतं.

चिठ्ठी सापडली तशी ती रडायला लागली. ‘सर, माझी नाहीये! काकूंना विचारा. काकू खोटं नाय बोलणार.’ सर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, ‘माझं लक्ष नव्हतं.’

तिचं वर्ष गेलं. घरच्यांनी पुन्हा परीक्षेला बसूच दिलं नाही. मला पदवी मिळाली, बढतीही मिळाली.

आता ती बदलापूरला कपड्यांच्या दुकानात काम करते. मी दिसले की हाक मारते, चहा मागवते. परवा तिनेच त्या दिवसाचा विषय काढला. म्हणाली, ‘तुमचं लक्ष असतं ना काकू, तर तुम्ही नक्की बोलला असता.’

मी मान डोलावली.