कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

कामिनीच्या लग्नात माहेरून आंदण म्हणून तीन मोठ्या वस्तू आल्या: कपाट, फ्रीज आणि कॉम्प्युटर. कपाट सासूबाईंच्या खोलीत गेलं. फ्रीज पुढच्या बैठकीत गेला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा. कॉम्प्युटर मात्र कुठे ठेवायचा हे कुणालाच कळेना. शेवटी जसोदाबाई म्हणजे तिच्या सासूबाई म्हणाल्या, जिनं आणला तिच्याजवळ राहू द्या. असा तो मागच्या खोलीत गेला आणि त्याच्यामागे कामिनीही गेली.

लग्नाआधी ती तळोद्याला आदिवासी प्रकल्प कार्यालयाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात काम करायची. पाड्यांवरून आलेली माणसं दाखल्यासाठी रांगेत उभी असत आणि ही बाई बोटं अशी चालवायची की समोरच्याचं नाव सांगून होतं न होतं तोच अर्ज बाहेर. मालकाच्या खुर्चीपेक्षा तिची खुर्ची मोठी होती. ब्राह्मणपुरीत सासरी आल्यावर खुर्ची हा विषयच संपला. सासरे दगा आबा पाटील बैठकीत असले की सुनेनं तिथं पाय ठेवायचा नाही. ठेवावाच लागला तर डोक्यावर पदर, नजर खाली, आणि चहाचा कप ठेवून लगेच आत. आबा समोर आले की बसलेल्या सुनेनं उठायचं. हे तिला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. मोठ्या जाऊबाईंना बघून बघून ती शिकली. आता तर आबांच्या चपलेचा आवाज आला तरी तिचा हात पदराकडे जायचा.

तिचा नवरा उमाकांत शहाद्याला एका कृषी केंद्रात कामाला होता. स्वभावानं गरीब. बायकोनं काही केलं तर त्याला आवडायचं, फक्त ते आबांना विचारायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

अशातच तळोद्याच्या दुकानातल्या आशाचा फोन आला. पुण्याच्या एका कंपनीला अहिराणी कळणारी माणसं हवी होती. रेकॉर्डिंग ऐकायचं, जसं बोललंय तसं टाइप करायचं, खाली मराठी अर्थ लिहायचा. काम घरबसल्या. फक्त त्याआधी एक परीक्षा, तीही घरूनच, कॅमेऱ्यासमोर. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, जागेवरून उठायचं नाही, मध्ये खंड पडला तर परीक्षा संपली आणि पुन्हा संधी नाही. कामिनीला आधी वाटलं आशा थट्टा करतेय. शाळेत अहिराणी बोलली म्हणून तिनं बाईंची छडी खाल्ली होती, आणि आता त्याच बोलीसाठी कुणी काम देऊ करत होतं. तिनं त्याच दिवशी नाव नोंदवलं. आशानं आपला कॅमेरा जीपवाल्याच्या हाती पाठवूनही दिला.

आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर रुसला.

सुरू व्हायचा नीट. जरा वेळ चालायचा, मग बाण जड व्हायचा, अक्षरं मागे राहायची, आणि मग सगळं जागच्या जागी थिजायचं. किबोर्ड बडवा, माउस आपटा, देवाचं नाव घ्या, ढिम्म हालायचा नाही. बटण दाबून बंद करायचा, थोडं थांबायचं, पुन्हा सुरू करायचा, पुन्हा तेच. सरावाची परीक्षा तिनं जितक्या वेळा उघडली तितक्या वेळा ती अर्ध्यात गोठली. परीक्षेचा दिवस जवळ येत होता आणि हिची रात्रीची झोप उडाली होती.

शहाद्याचा भावेश कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तो बॅग घेऊन आला, दोन चहा प्याला आणि म्हणाला, "वहिनी, विंडोज खराब व्हई गयं. फॉरमॅट मारनं पडी." मारलं. कॉम्प्युटर दुसऱ्याच दिवशी थिजला. मग त्यानं व्हायरस शोधला, मग रॅम बदलली, मग कॉम्प्युटरचा डबाच उचलून दुकानात नेला. तिथं तो दिवसभर सुरळीत चालला. परत आणला, लावला आणि कामिनीनं सरावाची परीक्षा उघडली, तर पुन्हा जैसे थे. भावेशनं हात टेकले. "मन्हा दुकानमा दिनभर चालना. तुम्हना घरमाच काहीतरी शे, वहिनी."

तो वैतागून बोलला, पण कामिनीच्या डोक्यात ते वाक्य घर करून बसलं. घरात काय होतं? वीज कमी-जास्त व्हायची, म्हणून उमाकांतनं स्टॅबिलायझर आणला. फरक पडला नाही. तिनं प्लग बदलला, टेबल भिंतीपासून सरकवलं. सरकवलं म्हणजे कितीसं, वीतभर. कारण खोलीत जागाच नव्हती. खोलीत कापूस होता.

कापूस म्हणजे शोभेचा नव्हे. दिवाळीपासून वेचून आणलेला, भाव चढेल या आशेवर ठेवलेला, जमिनीपासून छतापर्यंत. या घरात दरवर्षी तो मागच्या खोलीतच भरत. खिडकी त्याच्यामागे गाडली गेलेली. उरलेल्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि टेबल व ढीग यांच्यामध्ये कामिनी. बसली की पाठ कापसाला टेकायची. अंगाला खाज सुटायची, नाकात तंतू जायचे, पत्र्याखाली उकाडा असा की घाम पुसायला पदर पुरायचा नाही. जगातली सगळी दारं जणू त्या कापसाच्या पलीकडे होती आणि ही अलीकडे.

एका दुपारी कॉम्प्युटर थिजल्यावर तिनं चिडून डब्यावर थाप मारली आणि हात झटकन मागे घेतला. पत्रा तव्यासारखा तापला होता. ती वाकली, डब्याची मागची बाजू बघितली. जाळीवर पांढरी दाढी उगवली होती. उमाकांतच्या फवारणी पंपाच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर आणून तिनं डबा उघडला. आतल्या पंख्याला कापूस असा गुंडाळला होता की पातीच दिसेनात. घरचाच कापूस. भावेशनं डबा उघडला होता तेव्हा त्याचं सगळं लक्ष रॅमकडे. दुकानात उघड्यावर, वाऱ्यात, कॉम्प्युटर चालून गेला. इथं भट्टीत त्याचा जीव कासावीस व्हायचा. कामिनीला हसू आलं, आणि मग एकदम रडू आलं. इतके दिवस ती स्वतःलाच दोष देत होती, की आपल्यालाच काही येत नाही.

रंगाच्या जुन्या ब्रशनं तिनं पंखा साफ केला. कॉम्प्युटर अर्धा तास असा पळाला की ती खूश. सरावाची परीक्षा अर्ध्यावर येते न येते तोच पुन्हा जाळीवर कापूस. झाकून बघितलं जुन्या साडीनं, तर आत गरम हवा कोंडली आणि तो आणखी लवकर थिजला. उघडा ठेवावा तर कापूस शिरतो, झाकावा तर तापतो. तिनं सासूबाईंना विचारलं, कापूस थोडा दुसरीकडे हलवता येईल का. जसोदाबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कापूस भावनी वाट देखी ऱ्हायना. तुन्हा डबाबी देखू दे."

पण परीक्षा वाट बघणार नव्हती. आता एकच जागा उरली होती, बैठक. स्वच्छ फरशी, डोक्यावर पंखा, दोन्हीकडून वारा. कॉम्प्युटर तिथं छान चालला असता, फक्त कामिनीला तिथं बसता आलं नसतं. तिनं उमाकांतला सांगितलं. आबांना विचारायचं म्हटल्यावर तो गाडी पुसायला बाहेर गेला.

योग असा की परीक्षेच्याच दिवशी नात्यातले एक म्हातारे वारले म्हणून त्यांच्या दारावर, म्हणजे सांत्वनाला, जायचं निघालं. आबा, जसोदाबाई आणि मोठी जाऊ सकाळीच जीपनं निघणार होते आणि संध्याकाळशिवाय येणार नव्हते. जीप गेली तसा उमाकांतनं डबा उचलला, बैठकीत आणला, वायरी जोडल्या. गाडीला किक मारता मारता म्हणाला, "आबा येवाना आत आटपी ले."

कामिनीनं पंखा पुन्हा एकदा साफ केला. खुर्ची ओढली. सासरच्या बैठकीत, दाराकडे तोंड करून, पदर खांद्यावर ठेवून ती बसली. कॅमेऱ्याच्या चौकटीत तिचा चेहरा दिसला, आणि तो तिला जरा अनोळखीच वाटला, कारण या घरात तिनं स्वतःला इतक्या उजेडात कधी बघितलंच नव्हतं.

परीक्षा सुरू झाली. कानात एक म्हातारा बोलायला लागला. सारंगखेड्याच्या जत्रेत त्याचं घोडं हरवलं होतं. तंबूतंबूतून शोधत तो कसा फिरला, कुणी काय सांगितलं, कोणत्या पोलिसानं कसं हाकललं, सगळं रंगवून सांगत होता. तिची बोटं धावत होती. एकही शब्द अडत नव्हता. घाम नाही, खाज नाही, बाण हलका, अक्षरं वेळेवर. डबा मंद घुं घुं करत होता. कितीतरी दिवसांनी तिला तळोद्याची आपली खुर्ची आठवली आणि फार बरं वाटलं. म्हातारा सांगत होता की नदीच्या काठावर त्याला लांबून एक घोडं दिसलं, तसंच तांबूस, तसंच कपाळावर पांढरं.

दारात चप्पल वाजली.

आबा होते. मागे रेवजी, कापसाचा व्यापारी. त्यानं फोन केला होता, भाव आज चढलाय, उद्याचं सांगता येत नाही. म्हणून आबा बायकांना तिथंच ठेवून त्याच्या गाडीवर बसून परत आले होते.

कामिनीला हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी तिला काहीच कळलं नाही. हात आपोआप गेला, पदर डोक्यावरून कपाळाच्या खाली आला, आणि ती उठली. उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली, नजर फरशीवर. कानातली वायर ताणली जाऊन निसटली आणि टेबलावर लोंबकळत राहिली.

आबा दारातच थबकले. सून, खुर्ची, कॉम्प्युटर, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली. कामिनी बोलणी खायच्या तयारीनं उभी होती. पण आबांचा आवाज मऊ निघाला.

"उठनी कशाले? बठ, बठ पोरी. तुन्हं काम चालू दे. आम्ही मांगला दारथीन जातस."

आणि खरंच ते रेवजीला घेऊन घराला वळसा घालून मागच्या दाराकडे गेले.

ती पळतच खुर्चीकडे आली. पडद्यावर लाल चौकट होती. परीक्षार्थी जागेवर नाही, परीक्षा समाप्त. तिनं माउस हलवला. बाण लगेच हलला. जिथं नेला तिथं गेला. कॉम्प्युटर जिवंत होता, एकदम ठणठणीत, पंखा फिरत होता, डबा हाताला गार लागत होता.

मागच्या खोलीतून आबांचा आणि रेवजीचा आवाज येत होता. भाव ठरला. थोड्या वेळानं टेम्पो आला, मजूर आले, आणि इतके महिने छताला भिडलेला कापूस अर्ध्या दुपारात निघून गेला. खिडकी दिसायला लागली. आबा खुशीत बैठकीत आले. कामिनी वायरी काढत होती. ती पुन्हा उभी राहिली.

"व्हयनं का तुन्हं काम?"

सांगावं असं तिला फार वाटलं. की तुम्ही बस म्हणालात, पण मी आधीच उठले होते. की मला कुणी उठ म्हटलंच नव्हतं. पण ते कुणाला सांगायचं आणि कोणत्या शब्दांत?

"बंद पडी गया, आबा," ती म्हणाली.

आबांनी हळहळून डब्याकडे बघितलं. "जुना व्हई गया तो. यंदा कापूसना पैसास्मा नवा ली देसूत तुले."

तिनं मान हलवली. डबा उचलून मागच्या खोलीत नेला, रिकाम्या भिंतीशी टेबलावर ठेवला आणि सवयीनं सुरू केला. खोलीत आता वारा येत होता. कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत एकदाही न अडकता चालत राहिला, आणि त्या म्हाताऱ्याचं घोडं सापडलं की नाही, हे मात्र कामिनीला कधीच कळलं नाही.