वातीवरचं दूध

माझी तान्ही मुलगी गेली आणि मी देवाशी बोलणं टाकलं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही बडनेऱ्याला रेल्वेच्या चाळीत राहत होतो. सांजेला दिवा लावी, तो केवळ सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून. मनाचा पार दगड झाला होता.

वैशाखातल्या वावटळीत दारच्या निंबावरून साळुंकीचं पिल्लू पडलं. अंगावर धड पिसंही नव्हती. मी उचललं, तशा सासूबाई म्हणाल्या, "मानसाचा हात लागला आता. त्याची माय घेत नसते त्याले." मला ते खरंच वाटलं. टोपलीत चिंधी घालून पिल्लाला निजवलं आणि देवासाठी वळलेल्या वाती दुधात बुडवून त्याच्या चोचीत पिळू लागले, बोंडल्यानं बाळाला पाजावं तशी. बाहेर साळुंकी सारखी ओरडे; ते ऐकवेना म्हणून खिडकी लावून घेई. पण दूध काही पोटी लागेना. दुसऱ्या दिवशी पिल्लाची मान लुळी पडली आणि माझं काळीज हललं. हेही माझ्याच हातांत जाणार होतं.

तेवढ्यात गाडी चुकलेली एक अनोळखी म्हातारी दारात पाणी मागायला आली. माझ्या हातातली वात पाहून थांबली.

"काहून दूध पाजून राहिली वो पोरी त्याले? पाखराची माय कुठं दूध पाजत असते?"

"त्याले माय नाही आता," मी म्हणाले.

"मंग निंबावर कोन बोंबलून राहिलं? टोपलं फांदीले बांध अन् आत जाय. तू उभी राहशीन तं ते येनार नाही."

टोपली बांधली, पण आत जाणं जिवावर आलं. अखेर गेले आणि दुसरी जागा सुचेना म्हणून देवापुढे बसले. किती वेळ गेला कोण जाणे. मग पिल्लाची चिवचिव कानी आली. खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर साळुंकी चोचीत अळी घेऊन टोपलीवर वाकली होती. म्हातारी केव्हाच निघून गेली होती. ती कोण, हे मी आजवर शोधलं नाही. तिची आठवण आली की हात मात्र आपसूक जोडले जातात.

पिल्लू पुढं उडालं. आपल्या हातून सुटलेलं सगळंच उघड्यावर पडत नाही, एवढं मला कळलं. साळुंकी टोपलीवर आली त्याच दुपारी देवापुढे बसून मी लेकीचं नाव घेऊन मोकळेपणी रडले. म्हटलं, "तुझ्यापाशी आहे तं असू दे देवा. तिले भूक लवकर लागते, तेवढं ध्यानात ठेव."