धुराचं दही

फॉर्मिक आम्लाचा नाकात चढणारा वास आला की मला दोडामार्गची एक सकाळ आठवते. पीएचडीसाठी मी पॉलिमरचा एक उत्प्रेरक बनवला होता आणि त्याच्या मदतीने कार्बन डायऑक्साइडपासून हे आम्ल तयार व्हायचं. मावशीच्या रबराच्या बागेत चीक गोठवायला हेच आम्ल लागतं, म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांना विचारून मी सुट्टीत छोटी बाटली घेऊन गेले. "धुरात असतो त्या वायूपासून केलंय," मी सांगितलं. मावशी हसली, "धुराचा ॲसिड? माझो चीक फुकट घालवतलंस गो!" तरी तिने वाटीभर चीक दिला. मी पाण्यात मिसळलेलं आम्ल थेंब थेंब सोडलं. बराच वेळ चीक दुधासारखा पातळच राहिला. शेवटी मावशीने बोट लावलं, तर पांढरा, थलथलीत गोळा बोटाबरोबर हलला. ती कुंपणाकडे धावत ओरडली, "अगो, येवा, बघा! आमच्या चेडवान धुराचा दही लावल्यान!" शेजारणी जमल्या, वाटी हातोहात फिरली, आणि मावशीचं 'चेडू', म्हणजे तिची पोर, मी लाजून हसले. आता कुणी माझ्या कामाबद्दल विचारलं की मी आधी मावशीचं वाक्य सांगते आणि मगच फळ्यावर समीकरण लिहिते.