अध्यक्षांच्या गाडीची उचकी

मुरोसाकी शिगेझो हे जुन्या टर्बो गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. निवडणूक वगैरे कधी झाली नव्हती. वयाने मोठे आणि त्यांची पांढरी गाडी सगळ्यांत जास्त पुसलेली, एवढ्यावर भागलं होतं. दर रविवारी मंडळ घाट चढायचं. अध्यक्ष पुढे, बाकीचे मागे. अध्यक्षांना ओव्हरटेक? छे! त्यापेक्षा दरीत उडी घेतलेली बरी, असली ती सभ्य माणसं.

यंदाच्या वसंतात त्या गाडीला उचकी लागली. चढावर पॅडल अर्धं दाबलं, टर्बोने जोर धरला, की नेमका तिथेच गचका. अध्यक्षांनी गचका खाल्ला की मागचा ब्रेक मारायचा, त्याच्या मागचाही मारायचा, आणि अख्खी वरात ठेचकाळत घाट चढायची.

वर घाटमाथ्यावर, सोबा नूडल्सच्या दुकानात अध्यक्ष खाकरले. "काय हो, माझी गाडी जरा अडखळली का?"

उपाध्यक्ष नुकागांनी वाटीतून डोकं वर काढलं. त्यांची गाडी लोण्यासारखी चालायची. "अडखळली? अहो अध्यक्ष, माझीही अडखळते की!"

"माझीसुद्धा!"

"माझं तर विचारूच नका!"

मोठ्या माणसाला एकट्याला खाली बघायला लावायचं नाही, ही तिथली रीत. रीत पाळली गेली आणि एका जेवणात सगळ्या धडधाकट गाड्या आजारी पडल्या. अध्यक्षांना केवढं हायसं वाटलं! आता सगळे पेट्रोल भरायचे एकाच ठिकाणी, घाटाच्या पायथ्याशी, हात्सुएबाईंच्या पंपावर. अध्यक्षांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या आणि निदान केलं, "पेट्रोलमध्ये पाणी आहे."

पुढच्या रविवारपासून मंडळ शहरातल्या पंपावर जाऊ लागलं. नवरा गेल्यापासून हात्सुएबाई एकट्याच पंप सांभाळायच्या. गावात तरुण उरले नव्हते, पंप चालायचा तो या मंडळाच्या जिवावर. का येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तोंडावर सांगणं असभ्य ना! माणसाच्या पोटावर पाय आला तरी चालेल, पण तो सभ्यपणे यावा. बाई समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला वाकून नमस्कार करत राहिल्या.

उचकी मात्र शहरच्या पेट्रोलनेही थांबेना. अध्यक्षांनी प्लग बदलले, पाइप बदलले, टर्बोचा व्हॉल्व्ह बदलला.

"अहो, आता बायको बदलून बघा," त्यांच्या पत्नी तोमिएबाई म्हणाल्या. "ती पण जुनीच आहे."

शेवटी त्यांना थ्रॉटलचा सेन्सर आठवला. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, किती उघडलीय हे इंजिनाला कळवणारी ती काळी डबी. एवढ्या वर्षांत झिजली असणार. आणि आपली झिजली तर मंडळातल्या सगळ्यांची झिजली असणार, बिचारे! उदार मनाने त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

तोमिएबाई एकेका गाडीत बसून पॅडल हळूहळू दाबत होत्या, अध्यक्ष डबीच्या वायरीला मीटर लावून काटा बघत होते. नुकागांच्या गाडीत काटा अलगद वर चढला. दुसऱ्या गाडीतही चढला. तिसऱ्यातही. सगळ्यांत शेवटी अध्यक्षांची गाडी. काटा निम्म्यावर आला, धाडकन खाली पडला आणि पुन्हा उठला.

"परत दाब."

परत तिथेच पडला.

नुकागा घाईघाईने म्हणाले, "मीटर जुनं झालंय, अध्यक्ष."

"हवाही दमट आहे आज," आणखी कुणीतरी बोललं.

गाडीतून तोमिएबाई ओरडल्या, "दमट हवा काय फक्त आमच्याच गाडीत शिरली?"

अध्यक्षांचे कान तापले. "नुकागा, खरं सांगा. तुमची गाडी कधी अडखळली होती?"

नुकागा बुटांकडे बघत पुटपुटले. "तुम्ही एकटे पडाल, म्हणून..."

अध्यक्षांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीचं काही नाही, डबी बदलली की झालं. पण डोळ्यांसमोर वाकलेल्या हात्सुएबाई उभ्या राहिल्या.

नवा सेन्सर बसवून, मिठाईचा खोका घेऊन, पुढच्या रविवारी ते सगळी वरात पंपावर घेऊन गेले. सगळ्यांसमोर कमरेत वाकले. "खोट माझ्या गाडीत होती. मी तुमच्या पेट्रोलला नावं ठेवली. माफ करा."

"गाडीचं माहीत होतं मला," हात्सुएबाई शांतपणे म्हणाल्या. "चढाला लागताना गचका तुमचीच गाडी खायची, मागच्या नुसते ब्रेक मारायच्या. इथून दिसायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"गिऱ्हाइकाला 'तुमची गाडी वाईट' असं कसं म्हणायचं?" त्यांनी खोका दोन्ही हातांनी घेतला. "आता टँकर पाठवू नका म्हणून कळवलंय. टाकीत उरलंय तेवढं शेवटचं. मग पंप बंद. आलाच आहात तर भरून घ्या."

बाई नळी हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष, आधी तुम्ही," नुकागा म्हणाले.

"नाही, चूक माझी. आधी तुम्ही."

"छे छे, तुमच्या आधी मी कसा?"

"मी तर सगळ्यांच्या शेवटी!" मागून कुणीतरी म्हणालं.

नळी धरून धरून हात अवघडला. आजवर कुठल्याही गिऱ्हाइकावर न चढलेला हात्सुएबाईंचा आवाज चढला. "अरे, मेल्यांनो, कुणीतरी पुढे या ना!"

मुरोसाकींनी मुकाट्याने गाडी सुरू केली. एकही गचका न खाता ती पुढे आली.