क्लचबाईंची डावी बाजू

गाडी शिकवताना बाईंना कधी ओरडावं लागत नसे. नुसतं "क्लच" म्हटलं, की शिकणाऱ्याचा पाय आपोआप खाली जायचा. त्यावरून त्यांचं नाव क्लचबाई पडलं. लोक ते पाठीमागेच म्हणत, पण बाईंच्या कानावर केव्हाच गेलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचंही. त्यांच्या गाडीला डाव्या सीटपुढे आणखी एक ब्रेक बसवलेला होता. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंग धरून घामाघूम, आणि डावीकडे त्या ब्रेकवर पाय ठेवून बाई निवांत.

त्यांचा नवरा शिंपी. सगळे त्यांना टेलरकाका म्हणत. त्यांचं दुकान रस्त्याच्या अलीकडे, बाईंचा क्लास समोर, रस्त्यापलीकडे. काकांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. "एका घरात एक ड्रायव्हर पुरे," म्हणायचे. घरातला शेवटचा शब्द बाईंचा, आणि काकांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

एके दिवशी सकाळी बाई पलंगावर बसून बूट घालत होत्या. उजवा घातला, डाव्याकडे वाकल्या आणि वाकल्या तशाच खाली घसरल्या. काकांनी लेकीला फोन केला. तिनं वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी अडकली होती, त्यामुळे डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. जीभ मात्र जागेवर होती. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य नर्सला, "स्ट्रेचरचा पट्टा असा बांधतात होय? सोडा आणि परत बांधा."

काकांच्या जिवात जीव आला. पण हा दिलासा फार दिवस टिकला नाही.

घरी आल्यावर एकदा जेवताना बाई चिडल्या, "अहो, एवढंसंच वाढलंय?" काकांनी पाहिलं तर ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून साफ, डावीकडचं सगळं जसंच्या तसं. त्यांनी ताट फिरवलं. बाई म्हणाल्या, "हं, आता कसं!" आणि जेवू लागल्या. मग काकांच्या लक्षात येत गेलं. केस उजवीकडचेच विंचरलेले. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा, आणि बाई चौकटीला शिव्या द्यायच्या.

थेरपिस्ट मुलगी घरी यायची. वयानं लेकीपेक्षा लहान, पण खमकी. तिनं काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "डोळे चांगले आहेत, काका. पण डावीकडचं जे दिसतं, ते मेंदू जमेतच धरत नाही. आणि आपलं काही सुटतंय हेही त्यांना कळत नाही. हात-पाय एकवेळ लवकर बरे होतील. याला वेळ लागेल."

तसंच झालं. बाई जिद्दीच्या. भिंतीला धरून चालल्या, मग काठीनं, मग काठीशिवाय. डाव्या मुठीत चेंडू दाबून दाबून पकड आणली. टेबलाच्या डाव्या कडेला थेरपिस्टनं लाल पट्टी चिकटवली होती. वाचताना, जेवताना नजर आधी त्या पट्टीपर्यंत न्यायची, मग सुरुवात करायची. बाई ते तिच्यासमोर करायच्या आणि ती गेली की पट्टीवर पेपर टाकायच्या. "मला सगळं दिसतं. ही पोरखेळाची कामं दुसऱ्या कुणाला दे म्हणावं."

आणि मग गाडीच्या किल्लीचा विषय निघाला.

किल्ली काकांनी बटणांच्या डब्यात लपवली होती. बाई रोज मागायच्या. आधी हुकूम, मग टोमणे, मग अबोला. लेक म्हणायची, "बाबा, काही झालं तरी देऊ नका." आता क्लासचं काम तीच बघत होती, आणि एक दिवस त्यासाठी ती बाहेरगावी गेली होती. सकाळी काका दुकानात कॉलर शिवत होते. बाई आल्या, समोरच्या स्टुलावर बसल्या आणि काही न मागता रडू लागल्या. चाळीसेक वर्षांच्या संसारात काकांनी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"मला तुम्ही जिवंतपणी गुंडाळून ठेवलंय," त्या म्हणाल्या.

काकांनी डबा उघडला. किल्ली देताना एवढंच म्हणाले, "मी पण येतो."

ते डाव्या सीटवर बसले. बाईंनी आरसा सारखा केला, पट्टा लावला, गाडी काढली. क्लच, गिअर, सगळं लोण्यासारखं. काकांना क्षणभर वाटलं, आपणच उगाच घाबरलो. मग उभ्या असलेल्या टेम्पोजवळून जाताना काकांच्या खिडकीशी खाडकन आवाज झाला. बाहेरचा आरसा दुमडून काचेवर आपटला होता.

"काय वाजलं हो?" बाईंनी उजवीकडे बघत विचारलं.

"अगं, थांबव गाडी."

"कशाला? मस्त चाललीये."

गाडी हळूहळू डावीकडे सरकत होती. पुढे एक रंगारी सायकल हातात धरून चालला होता, खांद्यावर शिडी, हँडलला रंगाचे डबे. काकांना तो स्पष्ट दिसत होता. इतका स्पष्ट, की त्याच्या शर्टाच्या पाठीवरची उसवलेली शिवणही दिसली. "अगं, माणूस! डावीकडे माणूस!" बाईंनी मान वळवली ती जेमतेम समोरपर्यंत. "कुठाय? रस्ता मोकळा आहे."

शिडीचं टोक काचेपुढे आलं, आणि काकांनी डोळे मिटून दोन्ही पाय खाली दाबले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ब्रेक लावला.

गाडी गचका खाऊन बंद पडली. रंगाचा एक डबा बॉनेटवर उपडा झाला. रंगारी बॉनेटवर हात आपटत ओरडत होता, "आंधळ्या आहात का?"

बाई उजवीकडे बघत होत्या. "कोण ओरडतंय?"

"डावीकडे बघ," काका म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "अजून. अजून बघ."

बाईंनी मान वळवली, आणखी वळवली, आणि तो माणूस त्यांना दिसला. बंपरला टेकलेला, पँटवर निळा रंग उडालेला.

"हा कुठून आला?"

"तो तिथंच होता. केव्हाचा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग त्यांच्या पायाखालच्या ब्रेककडे. हळूच म्हणाल्या, "असा कुणी माझ्याकडे शिकायला आला असता, तर मी त्याला गाडीत बसू दिलं नसतं."

त्यांनी किल्ली काढून काकांच्या हातावर ठेवली. गाडी आता चालवणार कोण? शेवटी रंगाऱ्यानंच तोंडानं बडबडत काकांच्या बरोबरीनं ती ढकलून कडेला लावली. बाई फुटपाथवर उभ्या राहून त्याला म्हणाल्या, "चूक माझी. पूर्ण माझी." तो बडबडायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी थेरपिस्ट आली, तेव्हा पट्टीवरचा पेपर बाजूला काढून ठेवलेला होता. "मला काय सुटतंय ते मला कळत नाही," बाई म्हणाल्या. "मग पकडायचं कसं, ते शिकव." मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे तुम्ही म्हणण्याचीच वाट बघत होते," ती म्हणाली.

लायसन्स बाईंनी स्वतः जाऊन परत केलं. क्लास लेकीच्या नावावर झाला. बाई आता विद्यार्थ्यांना नियम शिकवणार होत्या, क्लासच्या खोलीत, खुर्चीत बसून. पण तिथं जायला रस्ता ओलांडायचा होता. थेरपिस्टनं कित्येक दिवस हात धरून सराव करून घेतला आणि एका सकाळी म्हणाली, "आज एकट्या." काकांना बजावलं, "तुम्ही दुकानाबाहेर पाऊल टाकायचं नाही."

काका दुकानात काचेमागे उभे राहिले, शेजारी थेरपिस्ट. बाई कडेला थांबल्या. उजवीकडे पाहिलं. मग हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत मान डावीकडे वळवली आणि तशीच धरून ठेवली. एक ट्रक गेला. एक रिक्षा गेली. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग निघाल्या, आणि पोचल्या.

काकांनी श्वास सोडला, पण अर्धाच. फुटपाथवर बाई उजवीकडे वळल्या, म्हणजे दुकानांची रांग त्यांच्या डाव्या हाताला आली. क्लासचं दार आलं. बाई सरळ पुढे गेल्या. औषधाचं दुकान गेलं, चष्म्याचं गेलं. पुढे चौक होता, तिथं वाहनांची नुसती धुमाळी. काकांचा हात दाराच्या कडीवर गेला. थेरपिस्टनं त्यांचं मनगट धरलं. "काका, थांबा." ती स्वतःही पांढरीफटक पडली होती.

चौकाच्या अलीकडे बाई थांबल्या. आजूबाजूची माणसं त्यांना वळसा घालून जात होती. त्यांनी पायाखाली पाहिलं, समोरच्या सिग्नलकडे पाहिलं. आपण जास्त चाललो, काहीतरी मागे सुटलं, एवढं त्यांचं त्यांना उमगत होतं. मग त्या सावकाश अख्ख्या वळल्या आणि परत चालू लागल्या. आता दुकानं उजव्या हाताला आली. चष्म्याचं, औषधाचं, आणि क्लासचं दार. बाईंनी दार ढकललं आणि आत गेल्या.

थेरपिस्टनं काकांचं मनगट सोडलं. ते मशीनवर जाऊन बसले. कुणाची तरी बाही अर्धवट शिवायची राहिली होती. पण सुईत दोरा काही केल्या जाईना.