एक रिंग म्हणजे पोचलो

देवराव काका ओट्यावर बसत तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल असे. दुसरी शेजारी, रस्त्याकडं तोंड करून तयार ठेवलेली. दोन्ही घालून बसलं तर बायको विचारणार, कुठं चाललात. दोन्ही काढून बसलं तर उठताना वेळ जाणार. म्हणून ही मधली तोड. मंगरूळपीरला त्यांचं घर आमच्या अगदी समोर, त्यामुळं मी शाळेत होते तेव्हापासून हे बसणं पाहत आले. त्याला बसणं म्हणायचं ते आपलं म्हणायचं म्हणून. गुरांच्या दवाखान्यात त्यांनी शिपायाची नोकरी केली, तिथं निदान जनावरांच्या मागं पळायला मिळायचं. निवृत्त झाल्यावर मात्र घरात त्यांचा पाय ठरेना.

त्यांचा जीव टांगणीला लावणारी गोष्ट जगात एकच होती. कोणीतरी घरून निघालं आहे आणि पोचल्याचं अजून कळलेलं नाही. कोणीतरी म्हणजे कोणीही. पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा विनोद, गल्लीतली एखादी सून, आमचा भाडेकरू, दूध घालणाऱ्या बाईचा भाऊसुद्धा. "मानूस निंगते तव्हा रस्त्याचं अस्ते," ते म्हणत, "पोचते तव्हा आपलं." मधल्या वेळात त्या माणसावर आपला हक्क नाही, आणि रस्त्याचा तर काही भरवसाच नाही. त्या मधल्या वेळात काका ओट्यावरून गेटपर्यंत आणि गेटवरून ओट्यापर्यंत चालत राहायचे.

पहिला मोबाइल आला तो बटणांचा. फोन करायला पैसे पडत, म्हणून सगळ्या घरांसारखी त्यांच्याकडंही मिस्ड कॉलची पद्धत पडली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे गाडी चुकली. नियम काकांनीच घालून दिला, गल्लीभर शिकवला, आणि मोडायचे फक्त तेच. फोन हातातच असायचा. अर्धी रिंग वाजली की यांचं बोट पडलंच. मी अमरावतीला कॉलेजात होते तेव्हा माझ्या बॅलन्सची त्यांनी अशी कितीतरी वेळा वाट लावली.

"काका, उचलला काहून?" मी चिडून विचारायची.

"कोनाचा हाय ते पाहून राह्यलो होतो."

"नाव दिसते ना वर."

"नाव दिसते वं. आवाज नाई दिसत."

एवढं बोलून ते फोन ठेवायचे. पोचल्याचं कळलं की त्यांना पुढचं काही ऐकायचं नसे. तू कशी आहेस, अभ्यास कसा चाललाय, या चौकश्या त्यांच्या खात्यात येतच नव्हत्या.

मग विनोदनं त्यांना मोठा फोन आणून दिला. गल्लीतले बाकीचे म्हातारे त्यावर सकाळी फुलांचे फोटो पाठवू लागले, कोणी भजनं ऐकू लागलं. काकांनी त्या सगळ्या पसाऱ्यातून एकच गोष्ट उचलली. निघालेल्या माणसानं आपलं लोकेशन लावलं की नकाशावर त्याच्या तोंडाचा एवढासा ठिपका सरकताना दिसतो, हे विनोदनं त्यांना दाखवलं, आणि बिचाऱ्यानं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. "हे बेस काढलं लेकाइनं," काका म्हणाले, आणि त्या दिवसापासून गल्लीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला गेटवर जकात नाका लागला.

तेव्हा मी वाशिमला एका लॅबमध्ये नोकरीला लागले होते. रोज सकाळची एसटी. मी दार ओढलं की समोरून एका पायात चप्पल घातलेली आकृती उठे.

"लावलं का?"

"लावते ना काका, बसमंधी बसल्यावर."

"बसमंधी कायले? इथून लाव. स्टॅण्डपावेतो काय तू विमानानं जातं?"

ते ॲप आठ तासांच्या वर लोकेशन दाखवत नाही. म्हणजे माझं ते नेमकं संध्याकाळी, परतायच्या वेळेला संपायचं. मी बसमध्ये खिडकी मिळवून जरा डोळा लावावा, की फोन. "तुहं संपलं वं. पुन्हा लाव." कंडक्टरलाही हे इतकं पाठ झालं की तिकीट फाडताना तोच विचारायचा, ताई, लावलं का? हसू यायचं आणि वैतागही. दिवसाचा डाटा ठिपके पाहण्यात संपला की काका सरळ आमच्या घरी येऊन माझ्या भावाचा हॉटस्पॉट मागायचे. चहा विचारला तर नको म्हणायचे, कारण चहाला बसावं लागतं.

शेजारच्या घरात पूजा नावाची नवी सून आली. ती शिकवण्या घ्यायला बसनं जायची. काकांनी तिलाही विचारलं. ती स्पष्ट म्हणाली, "काका, मी कुठं कुठं जाते ते दुसऱ्याला कशाला दाखवायचं?" आम्हाला वाटलं, आता वाजतं. "बराबर हाय," काका म्हणाले. "नको लावू." दुपारी ती बसमधून उतरली तर हे स्टॅण्डवर उभे. तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ती उतरलेली पाहिली आणि पाठ फिरवून पुढं चालू लागले. दुसऱ्या दिवशी तेच. मग पूजानं आपण होऊन लोकेशन लावलं. "उन्हात उभे राहतात हो," ती मला म्हणाली, "मलाच पाहवेना."

एकदा मात्र त्यांनी कहर केला. वाशिमहून येताना आमची बस पंक्चर झाली, अशा ठिकाणी की तिथं रेंजचा पत्ता नाही. ड्रायव्हर चाक काढून बसला. शेतात हरभरा उभा होता. शेतवाला ओळखीचा निघाला, त्यानं दोन पेंढ्या आणून दिल्या, आणि आम्ही सगळे प्रवासी बांधावर बसून ओल्या दाण्यांचे सोले खात बसलो. मजेत होतो अगदी. तेवढ्यात धूळ उडवत एक मालवाहू रिक्षा आली आणि थांबायच्या आधीच तिच्यातून काका उतरले. खांद्यावर विहिरीचा दोर.

माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू पान्यात काहून होतीस?"

"कोनत्या पान्यात?"

त्यांनी फोन पुढं केला. रेंज गेली तेव्हा माझा ठिपका जरा बाजूला घसरून जवळच्या तलावात जाऊन बसला होता. निळ्या पाण्याच्या मधोमध मी, हसऱ्या फोटोसकट. आणि तासभर जागची हललेली नाही.

"पोहता येते का तुले?"

"नाही."

"मंग?" असं म्हणून त्यांनी दोर खाली ठेवला आणि माझ्या हातातले हरभऱ्याचे चार घाटे घेतले. अख्खी बस हसत होती. मीही हसत होते, पण त्यांनी हरभरा सोलायला घेतला तेव्हा मला दिसलं की त्यांच्या बोटांना ते जमत नव्हतं. घाटा त्यांच्या हातातून घेऊन मी सोलून दिला.

मी पुष्कळ दिवस यामागचं कारण शोधत होते. मनात एक गोष्ट रचूनही ठेवली होती, की लहानपणी घरून निघालेलं कोणी परत आलं नसेल, तो घाव असेल. एकदा पापड लाटताना मी त्यांच्या बायकोला, मंदाकाकींना, हळूच विचारलं. काकींनी लाटणंही थांबवलं नाही. "कारन-बिरन काई नाई बाप्पा. सोभावच तसा. आमच्या लगनात वऱ्हाडाची गाडी मांगं राह्यली, त हे बाशिंग बांधून फाट्यावर पाहाले गेले. भटजी इकडं बोंबलून राह्यला." मग पापड उलटत म्हणाल्या, "येकाद्याले भूक जास्त लागते ना, तशी यायले फिकर लागते." माझी गोष्ट मी मुकाट्यानं गिळली.

आणि हा माणूस स्वतः कुठंही जात नसे. दर्ग्याचा उरूस आणि आठवडी बाजार एवढंच त्याचं जग. गेलंच तर बाकीच्यांवर नजर कोण ठेवणार? म्हणूनच मागच्या उन्हाळ्यात चालताना त्यांना धाप लागायला लागली, वाशिमच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं आणि नागपूरला जा म्हणून चिठ्ठी दिली, तेव्हा ते अडून बसले. विनोद पुण्याहून आला. समजावून, ओरडून, रडून झालं त्याचं. काकांचं एकच. "मी तथी पलंगावर पडून राहीन. इथल्याइकडं पाहीन कोन?"

"मी पाहते," मी म्हटलं.

"तू सोताच रोज रस्त्यावर अस्तं."

"तरी पाहीन. आन तुमच्याकडंही पाहीन."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू हे शक्य आहे हेच त्यांना कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बॅग भरा म्हणाले.

भाड्याची गाडी सकाळी दारात लागली. गल्ली सगळी बाहेर. मी विचारलं, "काका, लावलं का?" आणि तेव्हा कळलं की त्यांना लोकेशन लावताच येत नव्हतं. इतकी वर्षं ते फक्त पाहत आले होते. मी त्यांच्या फोनवर लावून दिलं. आपलाच ठिपका आपल्याच दारात उभा असलेला ते जरा वेळ निरखत राहिले. मग मंदाकाकींकडं वळले. काकींकडं तो जुना बटणांचा फोन असे. "वापस आलो का येक रिंग देतो," काका म्हणाले. "उचलू नोको."

"मी कवा उचलला?" काकी म्हणाल्या.

काका विनोदच्या शेजारी गाडीत बसले, दोन्ही पायांत चप्पल. काच खाली करून मला म्हणाले, "घ्या. आता मी रस्त्याचा."

त्या दिवशी लॅबमध्ये माझं कशात लक्ष लागेना. नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, फोन पाहायचा. शेलूबाजार. समृद्धी महामार्गावर चढले. कारंजा मागं पडलं. धनजजवळ ठिपका थांबला. चहाला थांबले असतील, हे डोक्याला कळत होतं. तरी मी खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. सरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. ठिपका हलला तेव्हा कुठं मी खुर्चीत बसले. काका हे सगळ्या गल्लीसाठी, रोज करत होते.

संध्याकाळी त्यांचं लोकेशन संपलं. मी बसमधूनच फोन लावला.

"काका, तुमचं संपलं. पुन्हा लावा."

"मी पलंगावर हाव वं. पलंग कुठी जाते?"

"तरी लावा."

पलीकडून त्यांचा हसण्याचा आवाज, धाप लागलेला. "बरं वाट्टे वं. कोनी पाह्यलं का बरं वाट्टे. मले मालूमच नवतं." त्यांनी नर्सकडून लावून घेतलं. ती नागपूरची मुलगी, पण दोन दिवसांत तिलाही सवय लागली. मी सकाळी उठून पाहायची, ठिपका त्या दवाखान्याच्या चौकोनात जागच्या जागी. बाकीच्यांवरही मी नजर ठेवत होते, म्हटल्याप्रमाणं. रात्री त्यांना हजेरी द्यावी लागे. पूजा आली, भाडेकरू आला. "आन तू?" मी आले. "मंग ठीक हाय."

ऑपरेशन व्हायचंच राहिलं. त्याच्या आदल्या सकाळी, चहाचा कप बाजूला ठेवून, काका बसल्या जागी गेले. विनोद खाली औषध आणायला गेला होता. त्यानं फोनवर मला सांगितलं तेव्हा तो रडत नव्हता, नुसता एकेक गोष्ट सांगत होता. पलंगाच्या कडेला बसले होते. एका पायात चप्पल होती. मी बाहेर गेलो म्हणून वाट पाहत असतील. माझ्या तोंडून तेच आलं, जे यायचं होतं. "विनोद, निघताना लोकेशन लाव." त्याच्या फोनची बॅटरी संपत आली होती. त्यानं वडिलांच्या फोनवरून लावलं.

म्हणून दुपारभर काकांचाच ठिपका येत राहिला, काकांच्या फोटोसकट. गल्लीत माणसं जमली होती. जो येई तो माझ्याकडं येऊन विचारी, "कुठवर आले?" मी सांगत होते. धनज. कारंजा. मी काही केल्या एका जागी उभी राहू शकत नव्हते. त्यांच्या ओट्यावरून गेटपर्यंत जायची, परत यायची. शेलूबाजारला समृद्धीवरून उतरले, तेव्हा आत जाऊन काकींना सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर तो बटणांचा फोन. पूजा त्यांच्याजवळ होती. त्यांनी मान हलवली. "आता येतात," म्हणाल्या, कोणी बाजाराला गेलं असावं तशा.

गाडी स्टॅण्डवरून वळली, शाळा ओलांडली, गल्लीच्या तोंडाशी आली. माझ्या हातातला ठिपका येऊन त्यांच्या घरावर थांबला. बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला, आणि त्याच वेळी काकींच्या मांडीवरचा फोन वाजला.

विनोद गाडीजवळ उभा होता, वडिलांचा फोन कानाला न लावता नुसता हातात धरून.

एक रिंग झाली. पूर्ण झाली. त्या दिवशी ती मधेच उचलायला कोणी नव्हतं.

"पोचले," काकी म्हणाल्या, आणि भिंतीचा आधार घेत उठल्या.